भूजलातले रहिवासी आणि धातूंचे विष

इ.स. १८८२ मध्ये व्हेय्डोव्स्की या प्राणिशास्त्रज्ञाने प्राग शहरातील विहिरींमध्ये आढळणाऱ्या जीवांवर एक पुस्तिका प्रसिद्ध केली. तीत एका विलक्षण प्राण्याचे वर्णन होते. लांबी जेमतेम एक-दोन मिलिमीटर, शरीर दोऱ्यासारखे, रंग नाही, डोळे नाहीत. त्याचे नाव बाथिनेला. विहीर हे त्याचे खरे घर नव्हे. विहिरीभोवतीच्या वाळू-खडीच्या कणांमधील पाण्याने भरलेल्या फटी, हे त्याचे घर.

जगभर भूजलात असे असंख्य प्राणी राहतात. त्यांतील बरेचसे कोळंबी-खेकड्यांच्या दूरच्या नात्यातले, म्हणजे कवचधारी संधिपाद असतात. आपल्याकडे आंध्र प्रदेशात वाय. रंगा रेड्डी यांनी बाथिनेलाचे अनेक भाऊबंद शोधून काढले आहेत.

भूगर्भात ऊन नाही, म्हणून हिरवी वनस्पती नाही. वरून झिरपणाऱ्या सेंद्रिय पदार्थांवर जीवाणू वाढतात, त्यांचा बुळबुळीत थर वाळूच्या कणांवर बसतो आणि हे प्राणी तो थर खातात. त्यांच्या चरण्याने व हालचालीने फटी मोकळ्या राहण्यास मदत होते. अन्न तुटपुंजे असल्याने सारा कारभार संथ असतो. श्वसन मंद, अंडी मोजकी, वाढ सावकाश. युरोपातील निफार्गस हा प्राणी तर कित्येक महिने उपाशी राहू शकतो.

धातू काय करतात?

मुलामा देण्याचे कारखाने, चामड्याचे उद्योग, खाणी यांच्या सांडपाण्यातून क्रोमियम, जस्त, तांबे, कॅडमियम असे धातू जमिनीत मुरतात. तमिळनाडूत राणीपेट येथे आणि उत्तर प्रदेशात कानपूर परिसरात भूजलात क्रोमियम उतरल्याचे सर्वज्ञात आहे. सेंद्रिय घाण जीवाणू कुजवून संपवतात. धातू मात्र कुजत नाहीत. त्यांचा काही भाग पाण्यात विरघळलेला राहतो, काही चिकणमातीला व कणांवरील लोहाच्या गंजाला चिकटतो. त्यामुळे आपल्या प्राण्याला विष दोन वाटांनी मिळते : कल्ल्यांतून आणि अन्नातून.

कॅडमियमचा आयन आकाराने जवळजवळ कॅल्शियमच्या आयनाएवढाच असतो, म्हणून तो कॅल्शियमच्या दारानेच शरीरात शिरतो. कात टाकल्यावर नवे कवच घडवण्यासाठी प्राणी पाण्यातून भराभर कॅल्शियम ओढून घेतो. नेमका तोच काळ सर्वांत धोक्याचा! तांबे कल्ल्यांतील सोडियम शोषणाचे काम बिघडवते, तर क्रोमेट हा सल्फेटचा वेष घेऊन पेशीत प्रवेश मिळवतो. कठीण पाण्यात कॅल्शियम भरपूर असल्याने त्याची आणि धातूची त्या दारात स्पर्धा होते, आणि कॅडमियम किंवा तांब्यासारख्या धातूचा विषारीपणा काहीसा कमी होतो.

मग पिण्यास योग्य असलेले पाणी या प्राण्यांनाही चालेल का? जस्ताचे उदाहरण घेऊ. भारतीय मानकानुसार पिण्याच्या एक लिटर पाण्यात ५ मिलिग्रॅमपर्यंत जस्त स्वीकारार्ह आहे. गोड्या पाण्यातील जलचरांच्या रक्षणासाठी अमेरिकेने ठरवलेली मर्यादा, मध्यम कठीण पाण्यात, ०.१२ मिलिग्रॅमच्या आसपास आहे. म्हणजे चाळीस पटींचा फरक! तीही ठरली आहे मुख्यतः भूपृष्ठावरील जलचरांवरून.

चिवटपणाचा आभास

विषाची चाचणी सहसा ४८ किंवा ९६ तासांची असते. एवढ्या काळात भूजलातील प्राणी पुष्कळदा तग धरतात आणि चिवट वाटतात. परंतु ज्याचा श्वासच संथ, त्याच्या शरीरात विषही संथपणे साचणार. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भूजलातील सूक्ष्म संधिपादांना आर्सेनिक, क्रोमियम व जस्त यांच्या पाण्यात २८ दिवसांपर्यंत ठेवले होते. काळ वाढला तसा विषारीपणाही वाढलेला दिसला. चार दिवसांत न मेलेला प्राणी सुरक्षित आहे, असे म्हणता येत नाही. शिवाय अंडी मोजकी असल्याने घटलेली संख्या लवकर भरून निघत नाही.

अमेरिकेतील केंटकी राज्यात हॉर्स केव्ह गावाखाली चुनखडीच्या गुहेतून नदी वाहते. गावाचे सांडपाणी तीत जाऊ लागले आणि दुर्गंधीमुळे १९४३ मध्ये गुहा प्रवाशांना बंद झाली. पुढे मुलामा कारखान्यातील धातूंचीही त्यात भर पडली. गुहेतील प्राणी दिसेनासे झाले. १९८९ मध्ये नवे सांडपाणी शुद्धीकरण केंद्र सुरू झाले आणि १९९० च्या दशकात आंधळे मासे व झिंगे परतले. हे कसे घडले? वाहत्या प्रवाहाने घाण धुऊन नेली आणि जवळच्या स्वच्छ प्रवाहांत काही प्राणी तगून होते. वाळूच्या बारीक फटींत मात्र पाणी अतिशय हळू सरकते, धातू कणांना चिकटून राहतात आणि प्राण्यांना पळून जायला जागा नसते. काही जाती तर एकाच लहान क्षेत्रात आढळतात. तेथून गेल्या की पृथ्वीवरूनच गेल्या.

शाळेत एक प्रयोग करून पाहता येईल. हातपंपाच्या तोंडाला अतिशय बारीक विणीचे नायलॉनचे कापड बांधून शे-दोनशे लिटर पाणी गाळा. गाळ पांढऱ्या बशीत थोड्या पाण्यात सोडून भिंगाखाली पाहा. ते पाणी वाया न घालवता झाडांना द्या. पांढुरका, बिनडोळ्यांचा ठिपका हलताना दिसला, तर मुलांना सांगा : आपण ज्याचे पाणी पितो, त्या घराचा हा जुना रहिवासी. एकही न दिसल्यास लगेच प्रदूषणाचा निष्कर्ष काढू नये. खडकात पुरेशा फटी नसतील, तरीही असे होते.