खेळाडूचें मोल कशानें ठरवावें?

कुस्तीच्या आखाड्यांत श्रेष्ठ कोण, हा प्रश्न फार वेळ लोंबकळत राहत नाहीं. दोन मल्ल समोरासमोर येतात, एकाची पाठ मातीस लागते आणि निकाल सर्वांच्या डोळ्यांदेखत होतो. परंतु जेथें पांच जण मिळून एकच काम करितात, तेथें त्या यशांत कोणाचा वांटा किती, हें सांगणें मोठें बिकट होऊन बसतें. यश सर्वांचें मिळून एक असतें. मानाची पगडी मात्र एकाच्याच मस्तकीं चढवावयाची असते. अमेरिकेंतील व्यावसायिक बास्केटबॉलच्या जगांत हा प्रश्न सुमारें सत्तर वर्षें दरसाल विचारला जात आहे. त्याचें उत्तर शोधतांना तेथील खेळाडूंनीं, पत्रकारांनीं व गणितज्ञांनीं जो खल केला आहे, तो खेळाची फारशी आवड नसलेल्या वाचकांसही विचार करावयास लावील असा आहे.

प्रथम खेळाची थोडी ओळख करून घेऊं. १८९१ च्या डिसेंबरांत मॅसॅच्युसेट्स राज्यांतील स्प्रिंगफील्ड येथें जेम्स नेस्मिथ नांवाच्या शिक्षकानें, हिवाळ्यांत विद्यार्थ्यांना छपराखालीं खेळतां यावें म्हणून, पीच या फळाच्या दोन टोपल्या व्यायामशाळेच्या सज्जास दहा फूट उंचीवर ठोकल्या आणि त्यांत चेंडू टाकण्याचा खेळ बसविला. आज प्रत्येक बाजूस पांच गडी असतात व व्यावसायिक सामना ४८ मिनिटें चालतो. टोपलीची जागा आतां लोखंडी कड्यानें घेतली आहे. चेंडू कड्यांतून गेला कीं दोन गुण, आणि लांबून टाकलेला असल्यास, १९७९-८० च्या हंगामापासून, तीन गुण. हुकून उसळलेला चेंडू हस्तगत करणें, सोबत्यास योग्य क्षणीं चेंडू पोंचविणें, प्रतिपक्षाची फेक अडविणें, हीं बाकीचीं मुख्य कामें.

१९४६ सालीं स्थापन झालेली व १९४९ पासून ‘नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन’ हें नांव धारण केलेली संस्था या खेळाचे सामने भरविते. तिनें १९५५-५६ च्या हंगामापासून ‘सर्वांत मोलाचा खेळाडू’ असें एक पारितोषिक ठेविलें. पहिला मान सेंट लुईसच्या बॉब पेटिट यास मिळाला. १९७९-८० पर्यंत हा निवाडा खुद्द खेळाडूंच्या मतांनीं होत असे. पुढें तो क्रीडालेखक व समालोचक यांच्या हातीं आला. आज प्रत्येक मतदार पांच नांवें क्रमानें लिहितो, आणि त्या नांवांस अनुक्रमें १०, ७, ५, ३ व १ असे गुण मिळतात.

येथें पारितोषिकाच्या नांवाकडे लक्ष द्यावें. ‘सर्वांत कुशल’ असें तें नाहीं. ‘सर्वांत मोलाचा’ असें आहे. कौशल्य हें माणसाच्या ठायीं असतें. मोल मात्र तो ज्यांच्या उपयोगीं पडतो त्यांच्यावरून ठरतें. आणि ‘मोल’ म्हणजे नेमकें काय, याची व्याख्या संस्थेनें मतदारांस बांधून दिलेली नाहीं. साऱ्या वादाचें मूळ येथें आहे.

या वादाचें सर्वांत बोलकें उदाहरण म्हणजे १९६१-६२ चा हंगाम. फिलाडेल्फियाच्या विल्ट चेंबरलेन यानें त्या हंगामांत सामन्यामागें सरासरी ५०.४ गुण मिळविले. हा उच्चांक आजतागायत कोणी मोडलेला नाहीं. २ मार्च १९६२ रोजीं तर त्यानें न्यूयॉर्कविरुद्ध एकट्यानें शंभर गुण केले. त्याच वर्षीं सिनसिनाटीच्या ऑस्कर रॉबर्टसन यानें गुण, उसळते चेंडू व सोबत्यांस केलेलें साह्य या तिन्ही बाबतींत दहांहून अधिक सरासरी राखली. असें पूर्वीं कोणास साधलें नव्हतें. आतां पारितोषिक या दोघांपैकीं एकास मिळावें, असेंच कोणीही म्हणेल. परंतु तें मिळालें बोस्टनच्या बिल रसेल याला, ज्याची गुणांची सरासरी अवघी १८.९ होती!

त्याहून नवलाची गोष्ट पुढेंच आहे. त्याच हंगामाचा सर्वोत्कृष्ट पांच जणांचा आदर्श संघ पत्रकारांनीं निवडला, तेव्हां मध्यरक्षकाच्या जागीं चेंबरलेन आला व रसेल दुसऱ्या संघांत गेला. म्हणजे बाहेरून पाहणाऱ्यांनीं एकास श्रेष्ठ ठरविलें आणि प्रत्यक्ष मैदानांत त्या दोघांशीं झुंजलेल्यांनीं दुसऱ्यास मोलाचें मानलें. बोस्टननें त्या हंगामांत ६० सामने जिंकले, फिलाडेल्फियानें ४९. आणि अजिंक्यपदही बोस्टनकडेच गेलें.

खेळाडूंना असें काय दिसलें, जें लेखकांना दिसलें नाहीं? रसेलचा खरा हातखंडा होता बचावांत. प्रतिपक्षाचा गडी कड्याजवळ आला कीं हा उंच झेप घेऊन त्याची फेक अडवी. आणि चेंडू प्रेक्षकांत भिरकावून टाळ्या घेण्याऐवजीं तो मैदानांतच राखून सोबत्याच्या हातीं जाईल असा वळवी. त्यामुळें एकाच हालचालींत प्रतिपक्षाचे गुण वांचत आणि स्वपक्षाचा हल्ला सुरू होई. शिवाय, तो उभा आहे एवढ्याच धाकानें किती तरी फेका टाकल्याच जात नसत. मौज अशी कीं, अडविलेल्या फेकांची अधिकृत मोजणी १९७३-७४ पासून सुरू झाली; रसेल तर १९६९ सालींच निवृत्त झाला होता. त्याची जी सर्वांत मोठी विद्या, तिला गुणलेखकाच्या वहींत रकानाच नव्हता.

एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आमच्या वाचकांस यांतील मर्म फोड करून सांगावयास नको. मिळवत्या भावाचा पगार दर महिन्यास जमाखर्चांत मांडला जातो. पण दोन जावांमध्यें उठूं पाहणारा तंटा थोरल्या काकूंच्या एका शब्दानें जागच्या जागीं विरला, त्याची नोंद कोणत्या वहींत होते? जें घडलें तें लिहितां येतें. जें घडूं दिलें नाहीं, तें लिहावयास जागा नसते. मोलाचा निवाडा केवळ वहीवरून केला, तर असा अन्याय हटकून होतो.

मग वही बाजूस ठेवून दुसरी कसोटी लावूं. ती अगदीं घरगुती आहे: माणूस आल्यानें काय सुधारतें आणि गेल्यानें काय अडतें, तें पाहावें. २००४ सालीं स्टीव्ह नॅश हा फीनिक्सच्या संघांत आला. आदल्या हंगामांत या संघानें ८२ पैकीं अवघे २९ सामने जिंकले होते. नॅश आल्यावर ६२ जिंकले. त्याचे स्वतःचे गुण सामन्यामागें साडेपंधराच होते; परंतु सोबत्यांस गुण मिळवून देण्यांत तो अग्रेसर होता. मतदारांनीं त्यास १०६६ गुण देऊन पारितोषिक दिलें. त्याच वर्षीं मायामीस गेलेला महाकाय शकील ओनील १०३२ गुणांवर राहिला. त्याच्या येण्यानें मायामीचे विजयही ४२ वरून ५९ वर गेले होते.

ही कसोटी पटण्यासारखी आहे, पण तीही निर्दोष नाहीं. पुढील दोन उदाहरणें शेजारीं ठेवून पाहावीं. २०१० सालीं लेब्रॉन जेम्स क्लीव्हलंड सोडून गेला आणि त्या संघाचे विजय ६१ वरून १९ वर कोसळले. मध्यंतरीं लागोपाठ २६ सामने तो हरला. उलट १९९३ सालीं मायकेल जॉर्डन यानें अकस्मात् निवृत्ति पत्करली, तेव्हां शिकागोचे विजय ५७ वरून केवळ ५५ वर आले. मग जॉर्डनचें मोल दोन सामन्यांपुरतें आणि लेब्रॉनचें बेचाळीसांचें, असें म्हणावयास कोणी धजेल काय? खरी गोष्ट अशी कीं, शिकागोस मागें स्कॉटी पिपेनसारखा कर्ता गडी होता, शिक्षक तोच होता, आणि टोनी कुकोचसारखे नवे हात आले होते. क्लीव्हलंडचा शिक्षक बदलला होता व आणखीही अनुभवी गडी गेले होते. तात्पर्य, वजाबाकींत केवळ गेलेल्याचें मोल दिसत नाहीं. मागें राहिलेल्यांची तयारीही दिसते. ज्या घरानें सारा भार एकाच खांबावर टाकला, तेथें तो खांब फार मोलाचा ठरतो खरा. पण त्यांत खांबाच्या मजबुतीइतकाच बांधणाऱ्याचा दोषही असतो.

या अडचणींतून वाट काढण्यासाठीं गणितज्ञ पुढें आले. त्यांची कल्पना सोपी आहे. अमुक गडी मैदानांत असतांना आपल्या संघाचे ६० गुण झाले व प्रतिपक्षाचे ५२, तर त्याच्या नांवें अधिक आठ लिहावे; उलट झाल्यास उणे लिहावे. यांत फेक कोणी टाकली, पास कोणी दिला, याचा संबंधच नाहीं. तो असतांना संघाचें काय झालें, एवढेंच पाहावयाचें. पण येथेंही एक खोंच आहे. साधारण गडी जर नेहमीं उत्तम सोबत्यांबरोबरच खेळत असेल, तर त्यांच्या पुण्याईनें त्याच्याही खात्यावर अधिक गुण जमतात. म्हणून वेन विन्स्टन व जेफ सॅगरिन या दोघांनीं २००० नंतरच्या वर्षांत डल्लस येथील संघासाठीं नवी रीत बसविली. मैदानांतील दहाही जणांची प्रत्येक वेळची जुळणी म्हणजे एक समीकरण मानावयाचें, आणि हंगामाभरांतील अशीं हजारों समीकरणें एकत्र सोडवून प्रत्येकाचा निराळा वांटा काढावयाचा. असे हिशेब आतां सर्रास केले जातात.

या नव्या चष्म्यांतून कांहीं विलक्षण माणसें दिसूं लागलीं. ह्यूस्टनचा शेन बॅटिये हा त्यांतलाच. २००८-०९ च्या हंगामांत त्याची सरासरी आठ गुणांहूनही कमी होती. तो फार वेगवान नव्हता, डोळ्यांत भरेल असें कांहीं करीतही नसे. पण तो मैदानांत आला कीं त्याचे सोबती अधिक चांगले खेळत आणि प्रतिपक्षाचे गडी फिके पडत. मायकेल लुईस या लेखकानें २००९ सालीं त्याच्यावर एक प्रदीर्घ लेख लिहिला तेव्हां कोठें सामान्य वाचकांचें तिकडे लक्ष गेलें. कोबी ब्रायंटसारखा कसलेला फेक्या कोणत्या जागेवरून अधिक चुकतो, याचा बॅटिये आधीं अभ्यास करी व त्यास हळूहळू त्याच जागीं ढकलीत नेई. चेंडू अडविण्यापेक्षां फेकणाऱ्याच्या डोळ्यांपुढें हात धरणें त्यास अधिक हिताचें वाटे.

तथापि समीकरणांसही मर्यादा आहेत. दोन गडी नेहमीं एकत्रच उतरत व एकत्रच विसांवत असतील, तर त्यांतील श्रेय कोणाचें, हें कितीही गणित केलें तरी निवडून काढतां येत नाहीं. डाळभात एकदां कालवल्यावर डाळीची चव वेगळी कशी सांगावी?

हा केवळ बुद्धीचा खेळ आहे असें कोणीं समजूं नये. प्रत्येक संघाच्या वेतनखर्चास मर्यादा घातलेली असते. सात ते नऊ वर्षें खेळलेल्या खेळाडूस एरव्हीं त्या मर्यादेच्या ३० टक्क्यांपर्यंत वेतन मागतां येतें. हें पारितोषिक अलीकडे मिळविलेलें असल्यास, कांहीं अटींवर, ३५ टक्क्यांपर्यंत. एकाच्या ताटांत जास्त वाढलें कीं बाकीच्यांच्या वांट्यास तितकें कमी येतें, आणि मग संघच दुबळा होऊं शकतो. म्हणून मोल चुकीचें ठरलें तर त्याची किंमत सोबत्यांना मोजावी लागते. २०२३-२४ पासून आणखी एक नियम आला: किमान ६५ सामने खेळल्यावांचून, कांहीं अपवाद सोडल्यास, कोणी या मानास पात्र नाहीं. वेळेवर हजर असणें हाही मोलाचाच भाग, हें त्यांत मान्य झालें.

एवढ्या साधनांनंतरही वाद मिटला आहे असें नाहीं. २०२४-२५ च्या हंगामांत डेन्व्हरच्या निकोला जोकिच यानें रॉबर्टसनप्रमाणेंच तिन्ही बाबतींत दहांहून अधिक सरासरी राखली. हा सर्बियन गडी २०१४ च्या निवडींत एकेचाळिसावा निवडला गेला होता. चाळीस जण त्याच्या आधीं उचलले गेले. तो बांकावर जाऊन बसला कीं डेन्व्हरची आघाडी वितळूं लागे. परंतु पारितोषिक मिळालें ओक्लाहोमा सिटीच्या शे गिल्जस-अलेक्झांडर यास. त्याच्या संघानें ६८ सामने जिंकले होते, डेन्व्हरनें ५०. आणि गुणांची सरासरीही त्याचीच, ३२.७, सर्वांत अधिक होती. जोकिचवांचून डेन्व्हर अधिक पांगळें झालें असतें, हें एका पक्षाचें म्हणणें; उत्तम संघाचा उत्तम गडी तोच मोलाचा, हें दुसऱ्याचें. दोन्हींत तथ्य आहे.

आमच्या मतें येथें एकाच साक्षीदारावर विसंबूं नये. वहीनें काय नोंदलें, तो असतांना व नसतांना संघाचें काय झालें, आणि ज्यांनीं त्याच्याशीं दोन हात केले ते काय म्हणतात, या तिघांच्या साक्षी घ्याव्या. तिघांचें एकमत झालें तर प्रश्नच नाहीं. न झाल्यास, ज्याच्या संगतीनें इतर चौघे अधिक चांगले होतात, त्याच्या पारड्यांत आपलें मत टाकावें. कारण गुण मिळविणारा दुसराही सांपडतो, दुसऱ्यांचे गुण वाढविणारा क्वचित् सांपडतो.

बिल रसेल तेरा हंगाम खेळला व त्यांत त्याच्या संघानें अकरा वेळां अजिंक्यपद मिळविलें. अंतिम सामन्यांतील सर्वांत मोलाच्या खेळाडूचें निराळें पारितोषिक १९६९ सालीं, म्हणजे त्याच्या शेवटच्या वर्षीं, सुरू झालें. बोस्टन जिंकलें, पण तें पारितोषिक पराभूत संघाच्या जेरी वेस्ट यास मिळालें. रसेलच्या कपाटांत तें कधींच आलें नाहीं. २००९ सालीं संस्थेनें त्या पारितोषिकास रसेलचेंच नांव दिलें. तेव्हांपासून दरवर्षीं जो तें उचलून धरतो, त्याच्या हातीं रसेलचें नांव असतें.