विश्लेषण : विमानाच्या पत्र्यातली भेग किती वाढेल, हे संगणक कसे सांगतो?

२८ एप्रिल १९८८. हवाई बेटांवरील हिलोहून होनोलुलूला निघालेले अलोहा एअरलाइन्सचे बोइंग ७३७ विमान २४ हजार फुटांवर पोहोचले आणि त्याच्या छताचा सुमारे साडेपाच मीटरचा भाग उडून गेला. हवाई सेविका सी. बी. लान्सिंग बाहेर फेकल्या गेल्या. वैमानिकांनी विमान माउई बेटावर उतरवल्याने उरलेले ९४ जण वाचले.

नेमके काय बिघडले?

प्रत्येक उड्डाणात केबिनमधील हवेच्या दाबामुळे विमानाचे धड किंचित फुगते आणि उतरल्यावर पूर्ववत होते. या विमानाने अशा ८९,६८० फेऱ्या केल्या होत्या. सांध्यातील चिकट थर सुटून गंज चढला आणि सगळा भार रिव्हेटवर आला. एक मिलिमीटरहूनही पातळ पत्र्यात रिव्हेटच्या छिद्रांपाशी बारीक भेगा पडल्या आणि अखेर त्या एकमेकींना जाऊन मिळाल्या.

संगणक काय करतो?

पत्र्याचे हजारो छोट्या तुकड्यांत विभाजन करून प्रत्येक तुकड्यावरचा ताण काढला जातो. भेगेच्या टोकाशी ताण एकवटतो. तिथली ताणाची तीव्रता दुप्पट झाली, तर धातूतील भेग वाढण्याचा वेग ढोबळमानाने ८ ते १६ पट होतो. त्यावरून भेग प्रत्येक फेरीत किती पुढे सरकेल, याचा हिशेब मांडता येतो.

पूर्वी भेग सरकली की तुकड्यांची जाळी नव्याने आखावी लागे. १९९९ मध्ये अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात टेड बेलिट्श्को आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या पद्धतीत भेग तुकड्याच्या मधूनही जाऊ शकते. जाळी तशीच राहते.

पातळ पत्र्याची अडचण काय?

दाबाखालच्या वक्र पत्र्याला भेग पडली की तिच्या कडा बाहेर फुगतात आणि टोकावरचा ताण आणखी वाढतो. सपाट पत्र्याचे गणित इथे लावले, तर धोका कमी दिसतो. शिवाय शेजारच्या भेगा एकमेकींवर परिणाम करतात. त्यामुळे एकेका भेगेचा वेगळा हिशेब पुरत नाही.

उत्तरावर कितपत विसंबायचे?

गणिताला सुरुवातीच्या भेगेची लांबी द्यावी लागते. ती चुकली, तर उत्तरही चुकते. गंज किती, हेही प्रत्यक्ष पाहूनच कळते. म्हणूनच ‘भेग धोकादायक होण्याआधी तपासणी किती फेऱ्यांनी करायची’ हे ठरवण्यासाठी हे गणित वापरतात. ते तपासणीची जागा घेत नाही. २०१० मध्ये अमेरिकी विमान वाहतूक प्रशासनाने जुन्या विमानांबाबत नियम केला. त्यानुसार अशा विखुरलेल्या भेगांचा विचार करून मोठ्या प्रवासी विमानांच्या सांगाड्याला फेऱ्यांची किंवा तासांची कमाल मर्यादा ठरवावी लागते.

अलोहाच्या चौकशीत आणखी एक गोष्ट पुढे आली. विमानात चढताना एका प्रवासी महिलेला धडावर भेग दिसली होती. तिने ते कोणालाच सांगितले नाही.