‘पिंग’ थांबले, तिथे दोष!

ऑनलाइन परीक्षा ऐन रंगात आली की नेट जाते. तक्रार करेपर्यंत परत येते. पुरावा कुठला? तो देते संगणकाच्या कमांड खिडकीतले ‘पिंग’. अमेरिकेत माइक मूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये लिहिलेला हा छोटा प्रोग्राम दूरच्या यंत्राला हाक मारतो, उत्तर किती मिलिसेकंदांत आले ते सांगतो. नाव सोनारच्या आवाजावरून. एका तंत्रज्ञाने तर त्याला स्पीकर जोडला, आवाज मोठा केला आणि इमारतभर केबलची टोके हलवत फिरला. आवाज बंद पडला, तिथे दोष सापडला! घरी एवढी कसरत नको. एका खिडकीतून राउटरला, दुसरीतून बाहेरच्या सर्व्हरला पिंग लावावे, नोंदी वेळेसह फाइलमध्ये साठवाव्यात. राउटर बोलतो आणि बाहेरचा गप्प? मग बिघाड बहुधा घरच्या वाय-फायचा नाही.