काटा गळ्याखाली गेला, आता पुढे?

पोळ्याच्या करीला आपल्याकडे घरोघरी मटण शिजतं, धरणातली रोहू-कटलाही बाजारात येते. जेवताना काटा किंवा हाडाची कपची पोटात गेली तर काय, ते आज सांगतो.

बहुतेक वेळा काहीच होत नाही. गिळलेल्या दहा वस्तूंपैकी आठ-नऊ आपोआप शौचावाटे निघून जातात. पण टोकदार वस्तूची गोष्ट वेगळी. लहान आतडं वळणं घेत घेत उजव्या कुशीत, खाली, मोठ्या आतड्याला मिळतं. तिथं वाट अरुंद. काटा आडवा आला तर तिथंच रुततो. आतड्याला छिद्र पडलं की आतली घाण पोटात पसरते, पू होतो. मग जिवावर बेततं. दुखणं उजवीकडे असल्यानं अपेंडिक्सच वाटतं. काटा गेल्यावर आठ-पंधरा दिवसांनीही दुखू शकतं, तोवर कोण लक्षात ठेवतं? म्हणून डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपणच सांगावं, अमुक दिवशी मासे खाल्ले होते. साध्या एक्स-रेत माशाचा काटा बरेचदा दिसत नाही. सीटी स्कॅनमध्ये सापडण्याची शक्यता जास्त.

जास्त धोका कवळीवाल्या म्हाताऱ्यांना. कवळीनं टाळू झाकला जातो, तोंडातलं हाडूक कळतच नाही. सासूबाईंच्या ताटात काटे काढूनच मासा वाढा. लेकरांनाही तसंच. आणि दारू पिऊन जेवायला बसणाऱ्यांना तर काट्याचं भानच नसतं, ते तुम्हाला आम्ही काय सांगावं! बोराची बीही गिळू देऊ नका. चीनमध्ये बोराच्याच कुळातल्या एका फळाच्या टोकदार बियांनी अन्ननलिकेला, आतड्याला इजा झालेले रोगी नेहमी दिसतात.

घशात काटा अडकला की आपण कोरड्या भाताचा गोळा नाहीतर केळं गिळायला लावतो. तसं करू नये, काटा आणखी रुततो. बोटं घालून उलटी काढू नये. पोटात गेला म्हणून एरंडेल किंवा जुलाबाचं औषधही देऊ नये. घशात टोचतच राहिलं, थुंकी गिळता येईना, तर त्याच दिवशी दवाखान्यात जा. तिथं दुर्बिणीनं काढता येतो.

पोट दगडासारखं कडक झालं, ताप आला, उलट्या सुरू झाल्या, शौचातून रक्त किंवा काळं पडलं, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा. वाशिमच्या जिल्हा रुग्णालयातून गरज पडल्यास अकोल्याला सर्वोपचारला पाठवतात. निघताना रोग्याला चहापाणीही देऊ नका, कारण ऑपरेशन करावं लागलं तर पोट रिकामं असावं लागतं.