पलटणीतली जीप, चाळीच्या दारात

पुरुषांना एखादा छंद असावा, असं आपण सगळ्याजणी म्हणतो. पोस्टाची तिकिटं, बासरी, फार तर माशांची काचेची पेटी, इथवर आपली तयारी असते. पण लालबागला राहणाऱ्या माझ्या मोठ्या दिरांनी सहा वर्षांपूर्वी प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढून जी वस्तू दारात आणली, ती पाहून जाऊबाई दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. दुसऱ्या महायुद्धातली जीप! रंग उडालेला, छप्पर नाही आणि चार चाकांपैकी एकात हवा नाही. "अगं, हा इतिहास आहे," भावजी मला म्हणाले. आतून जाऊबाईंचा आवाज आला, "इतिहासाला सांगा, एकशेऐंशी फुटांत आधीच पाच माणसं आहेत!"

तेव्हापासून हे वेड मी जवळून पाहते आहे. असलं वाहन तुमच्याही घरी येऊ घातलं असेल, तर बाईमाणसाने काय पाहून घ्यावं, ते सांगावं म्हणून हा लेख.

थोडा इतिहास भावजींकडून ऐकलेला. महायुद्धात विलीज आणि फोर्ड या दोन अमेरिकन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. लढाई संपली तेव्हा त्यातल्या कितीतरी जगभर जिथल्या तिथे उरल्या. आपल्या मुंबईचा संबंध लगेच पुढचा. १९४५ साली लुधियानात पोलादाच्या व्यापारासाठी 'महिंद्र अँड महंमद' नावाची कंपनी निघाली. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ मध्ये कंपनीचं नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झालं. १९४९ मध्ये या कंपनीने सुटे भाग आणून माझगावला जीप जुळवायला घेतल्या. म्हणजे लालबागहून चालत जाण्याच्या अंतरावर! हीच जात पुढे आपल्या सैन्याने वापरली. १९६५ च्या युद्धात हवालदार अब्दुल हमीद यांनी खेमकरणजवळ जीपवर बसवलेल्या तोफेने पॅटन रणगाडे फोडले, त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं, हे आपण शाळेत शिकलोच आहोत. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात पॅटन उभा आहे. मुलांना घेऊन जरूर जा. त्याच्याशेजारी मनातल्या मनात जीप उभी करून पाहा, म्हणजे त्या माणसाची छाती कळेल.

गाडी म्हणून मात्र जीप विचित्रच. पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या बुडाखाली! पंपावर गेलं की भावजी उतरतात, गादी उचलतात, मग पेट्रोल. समोरच्या दिव्यांचे पाखनट सैल केले की दिवे मागे वळतात आणि उजेड थेट इंजिनावर पडतो, रात्री रानात दुरुस्ती करता यावी म्हणून. ही युक्ती मला फार आवडली. आपल्या स्वयंपाकघराची आखणी करणाऱ्यांना इतकं कुठे सुचतं?

आता विकत घेण्याची गोष्ट. 'महायुद्धातली अस्सल' म्हणून जे विकलं जातं, त्यात नंतरच्या जीपचे भाग जोडलेले पुष्कळदा असतात. म्हणून आपण शेजारी उभं राहून मोजावं. समोरच्या जाळीत उभ्या फटी नऊ असतील तर लष्करी, सात असतील तर नंतरची, नागरी घडण. मागे उघडणारं फळीचं दार असेल तरी ती नागरी. लढाईतल्या जीपचं स्टिअरिंग डाव्या बाजूला असतं. फोर्डने तर आपल्या बोल्टांच्या डोक्यावरसुद्धा इंग्रजी 'एफ' कोरला आहे. तांदूळ निवडणाऱ्या डोळ्यांना हे चटकन दिसतं, पुरुष मंडळी नुसती हुरळून जातात!

फटींपेक्षाही आधी कागद. चॅसिसचा नंबर, इंजिनाचा नंबर आणि नोंदणीपुस्तकातले नंबर जुळल्याशिवाय एक पैसाही देऊ नये. नोटरीच्या साध्या कागदावर तर मुळीच नको. भावजींच्या जीपचं इंजिन मधे कुणीतरी बदललं होतं आणि विकणाऱ्याने ते सांगितलं नव्हतं. गाडी नावावर व्हायला चौदा महिने गेले. तेवढा काळ पैसे गुंतलेले आणि गाडी रस्त्यावर काढायची सोय नाही. मुलीच्या अकरावीच्या प्रवेशाचं ते वर्ष होतं. जाऊबाईंनी बांगड्या गहाण ठेवून ते वर्ष काढलं.

२०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या वाहनांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, ती दहा वर्षं चालते आणि नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात. पण मग गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच. तेव्हा 'मुलांना शाळेत सोडीन' हे आश्वासन ऐकून सही करू नका. शिवाय डाव्या स्टिअरिंगच्या गाडीला वळण्याची खूण दाखवणारं यंत्र चालू स्थितीत असणं कायद्याने सक्तीचं आहे.

देखभालीसाठी आपली मुंबई सोन्यासारखी. नट-बोल्ट, बेअरिंग नागदेवी स्ट्रीटला, जुने भाग चोरबाजारात किंवा कुर्ल्याच्या भंगारात. जे कुठेच मिळत नाही ते परळच्या एका गाळ्यात लेथवर बनतं. तिथले मास्तर पूर्वी गिरणीत फिटर होते. १९८२ च्या संपानंतर गिरणीत परत जाणं झालं नाही, हातात कसब तेवढं उरलं. ते जुनी बुश बोटांत फिरवून पाहतात आणि तशीच नवी करून देतात. पैसे सांगताना लाजतात. असे हात आता थोडेच राहिलेत.

पहिल्यांदाच हौस करायची असेल, तर माझं मत विचाराल तर महायुद्धाची जीप नकोच, महिंद्रची जुनी सीजे थ्री-बी घ्यावी. भाग मिळतात. जबलपूरला १९६९ पासून सैन्यासाठी बनलेली जोंगा देखणी खरी, पण जवळपास चार लिटरचं पेट्रोल इंजिन! मुंबईत पेट्रोल शंभरापुढे असताना तो हत्ती दारात बांधायचा?

पेट्रोलचीच आणखी एक कटकट. हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते जुन्या रबरी नळ्या खातं आणि हवेतली ओल शोषून घेतं. गाडी पावसाळाभर उभी राहिली की टाकीत पाणी साचून गंज धरतो. म्हणून नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घालाव्यात आणि आठवड्यातून एकदा इंजिन चालू करावं. बॅटरीच्या टोकांवर पांढरी बुकटी जमते, ती खायच्या सोड्याच्या पाण्याने निघते. शर्टावरच्या तेलाच्या डागावर मी शाळेतला खडू कुटून रात्रभर टाकते, सकाळी साबण लावते.

हे सगळं चालतं. एका बाबतीत मात्र मी भावजींशी भांडले. जुन्या ब्रेकच्या पट्ट्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असतं. ते ड्रम उघडून तोंडाने फुंकर मारायचे आणि त्याच कपड्यांनी घरात यायचे. अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्यातल्या कामगारांचे कपडे घरी धुणाऱ्या बायकांना त्या धुळीने कर्करोग झाल्याच्या नोंदी वैद्यकशास्त्रात आहेत. कापसाच्या धुळीने खोकणारी माणसं या चाळींनी कमी पाहिली आहेत का? आता ब्रेकचं काम गॅरेजमध्येच होतं, धूळ ओल्या फडक्याने टिपतात, नव्या पट्ट्या अ‍ॅस्बेस्टॉसविरहित आहेत. जुना रंगही कोरडा घासायचा नाही. त्यात शिसं असतं, आणि लहान मुलांना ते फार बाधतं.

जाऊबाईंचा राग केव्हा निवळला ते नेमकं सांगता येणार नाही. नट-बोल्ट मसाल्याच्या रिकाम्या बरण्यांत चिठ्ठ्या लावून त्याच ठेवू लागल्या. कॅनव्हासच्या हूडला बुरशी आली तेव्हा गच्चीवर उन्हात त्यांनीच वाळवला. खर्चाची वेगळी वहीही त्यांचीच. बांगड्या तीन वर्षांपूर्वी सुटल्या, ती तारीख वहीत लाल शाईने लिहिली आहे. रॅलीसाठी हॉर्निमन सर्कलला गाड्या जमतात, तिथे गेल्या खेपेस त्या नऊवारी नेसून पुढच्या सीटवर बसल्या होत्या.

आता चाळ पाडायची वेळ आली आहे. नव्या इमारतीत आमच्या माणसांना घर मिळेल, गाडी ठेवायला जागा मिळणार नाही. मागची भाड्याची शेड मार्चअखेर रिकामी करायची. भावजी पनवेलकडे जागा शोधताहेत. पण त्या भाड्यात मुलीच्या कॉलेजची फी बसते, असं जाऊबाईंनी वही पुढे करून दाखवलं. पुण्याचे एक संग्राहक दोनदा येऊन चांगला भाव सांगून गेले. भावजींनी अजून उत्तर दिलेलं नाही. जाऊबाईंनी त्यांचा फोन नंबर मात्र वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवला आहे, पेन्सिलीने.