तालमींतील दम

कोल्हापुरांतील एखाद्या जुन्या तालमींत पहाटे चार-साडेचारच्या सुमारास दिवा लागतो, तो नवशिक्या पोराला फारसा मंगल वाटत नाहीं. थंडीचे दिवस, अंगावर केवळ लंगोट आणि समोर हौद्यांतील तांबडी माती. तेल, ताक, हळद आणि लिंबू मुरवून तयार केलेली ही माती दिसावयास मऊ; परंतु आदल्या दिवसाच्या लढतींनीं ती दबून बसलेली असते, आणि ती उकरून भुसभुशीत करणें हें पोराच्या वाट्याला आलेलें पहिलें काम. पाहुण्याला ती झाडलोटीसारखी चाकरी वाटेल. वस्तुतः मेहनतीला आरंभ तेथेंच झालेला असतो.

पुढें जोर आणि बैठका. मुरलेले मल्ल त्या शेंकड्यांनीं मोजतात. नवशिक्याच्या मांड्या त्याच्या फार आधीं थरथरूं लागतात. एवढें कोणालाहि अपेक्षित असतें. पोराला जें अपेक्षित नसतें तें लढतीच्या वेळीं घडतें. वस्ताद त्याला एका थोरल्या गड्यापुढें उभें करतात. सलामी होते, मानेवर हात पडतो, खडाखडी सुरू होते. आणि दोन-तीन मिनिटांत, अंगांत अजून बळ आहे असें वाटत असतांनाच, छातीला हवा पुरेनाशी होते. मुठी आपोआप सुटतात. थोरला गडी पट काढतो आणि पोराची पाठ मातीला लागते. पुन्हा उठावें तों पुन्हा तेंच.

“आरं, दम सोड की! कोंडून कशाला धरतूस?” वस्ताद कडेवरून ओरडतात.

हें वाक्य शरीरशास्त्राच्या पुस्तकांतहि शोभलें असतें. स्नायूंना पहिल्या कांहीं सेकंदांपुरती शक्ति त्यांच्याच सांठ्यांतून मिळते. तो संपला कीं शर्करेचें विघटन सुरू होतें. पण झटापट अति वेगाची असल्यास प्राणवायूचा पुरवठा गरजेच्या मागें पडतो, आणि लढत संपल्यावरहि धापा टाकून ती तूट भरून काढावी लागते. नवशिक्या यांत आपल्या हातानें भर घालतो. जोर लावतांना तो श्वास कोंडतो. त्यामुळें छातींतील दाब वाढून हृदयाकडे परतणाऱ्या रक्ताला अडथळा होतो. शिवाय भीतीनें तो मूठ क्षणभरहि सैल करीत नाहीं. सतत आवळलेल्या स्नायूंत रक्तवाहिन्या दाबल्या जातात, आणि बोटें लवकर निकामी होतात. थोरला गडी याच वेळीं काय करीत असतो? तो आपल्या अंगाचा भार पोराच्या मानेवर टाकून चक्क विसावा घेत असतो. दोघे झुंजतांना दिसतात. दमतो मात्र एकच.

विसाव्याचें हें मोल मोठ्या मैदानांतहि कमी होत नाहीं. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव मातींत तयार झालेले मल्ल. 1948 सालीं लंडनच्या ऑलिंपिकमध्यें गादीवरच्या कुस्तींत ते सहावे आले, आणि 1952 सालीं हेलसिंकी येथें 57 किलो वजनाच्या गटांत त्यांनीं कांस्यपदक मिळविलें. तेथें जपानच्या इशी याच्याशीं दीर्घ लढत झाल्यावर नियमाची विश्रांति न मिळतांच त्यांना सोव्हिएत मल्लापुढें उभें राहावें लागलें, असें सांगतात. ती कुस्ती ते हरले.

चौथ्या-पांचव्या वेळीं पोर उठत नाहीं. डोळ्यांत पाणी येतें. तें मातीमुळें आलें असें दाखविण्याची त्याची धडपड सर्वांना कळते, आणि सारे शहाणपणानें दुसरीकडे पाहतात. वस्ताद मात्र त्याच्याकडेच पाहत असतात. नांव विचारल्यास नीट सांगतो काय, उभा राहिल्यास झोक जातो काय, ओठांचा रंग कसा आहे? दमलेला पोर आणि कोलमडलेला पोर यांतील फरक ओळखणें ही वस्तादाची खरी विद्या. ती नसेल तेथें कठोरपणाला शिस्त म्हणणें व्यर्थ होय. न सरावलेल्या मुलाकडून शिक्षा म्हणून शेंकडों बैठका काढून घेतल्यास स्नायूंचे तंतु इतके मोडूं शकतात कीं, त्यांतील द्रव्यें रक्तांत उतरून मूत्रपिंडांवर संकट येतें. लघवी काळपट तांबूस झाली तर तो पराक्रम नव्हे. रुग्णालय गांठावयास हवें. मेहनतींत पाणी पिऊं नये हा जुना दंडकहि आतां टिकणारा नाहीं.

लढती संपतात. अंगावर कोरडी माती चोळून घाम टिपतात, थंडाईचा पेला हातीं येतो, आणि पोराला वाटतें, सुटलों. परंतु खरें दुखणें दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं येतें. हें आम्लामुळें होतें असा पुष्कळांचा समज आहे. तें आम्ल तर तास-दोन तासांतच निघून गेलेलें असतें. दुखतात त्या तंतूंच्या बारीक इजा, आणि त्या बुजल्यावर तीच मेहनत पूर्वीइतकी दुखवीत नाहीं. पोराला हें कोणी सांगितलेलें नसतें. जिन्याच्या पायऱ्या उतरतांना कठड्याला धरून तो एकच ठरवीत असतो, उद्यां जावें कीं न जावें. घरीं आई विचारते, तेव्हां तो कांहीं बोलत नाहीं.

चौथ्या पहाटे दिवा लागतो. हौद्याच्या कडेला कुदळ टेकवून ठेवलेली असते. वस्ताद मान वळवीत नाहींत, कुदळीचा पहिला घाव ऐकूं आल्यावर ते इतकेंच म्हणतात, “श्वास सोडत जा रं.”