फोनवर आई ठणठणीत असते

"ताई, आईशी मी रोज बोलतो. एकदम ठणठणीत आहे. तुम्ही फक्त एकदा जाऊन बघून या." अमेरिकेतून, दुबईतून, बंगळूरहून मला येणारे फोन बहुतेक असेच सुरू होतात. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांच्या घरी जाऊन त्यांचं कसं चाललंय ते पाहणं, हे माझं पुण्यातलं काम. मुलगा खोटं बोलत नसतो. फोनवर आई खरंच ठणठणीत असते.

म्हणून मी हॉलमध्ये फार वेळ बसत नाही. कोथरूडच्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी माझं माहेर विचारलं, सातारा म्हटल्यावर कंदी पेढ्यांचा विषय काढला आणि चहा करायला उठल्या. मी मागोमाग गेले. त्यांनी पातेल्यात पाणी घातलं, साखर घातली, आलं सुरेख किसलं. मग पुन्हा साखर. चहापत्तीचा डबा हातात घेऊन त्या थबकल्या, तो तसाच खाली ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही कोराच घेता ना?" फ्रिजमध्ये दुधाच्या न फोडलेल्या पिशव्या होत्या, खालच्या फुगलेल्या. फडताळात हळदीची पाकिटं, सगळी सीलबंद. रक्तदाबाच्या गोळ्यांची एक स्ट्रिप अख्खी, तर त्याच गोळीची दुसरी भलत्याच वेगानं संपलेली.

अल्झायमर हा स्मृतिभ्रंशाचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. त्यात मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या भागाला आधी झळ बसते. नव्या घटना साठवायचं काम त्याचं. त्यामुळे सकाळी दूध घेतलं हे मनात टिकत नाही. पण जन्मभर अंगवळणी पडलेलं आगतस्वागत, पाढे, जुन्या ओळखी बराच काळ शाबूत राहतात. दहा मिनिटांचा फोन तेवढ्यावर सहज निभावतो. बाई काही लपवत होत्या असंही नाही. आपलं काही बिघडलंय ही जाणीवच या आजारात पुष्कळदा हरवते.

निदान करताना डॉक्टर रुग्णाइतकंच घरच्यांना विचारतात: कधीपासून, काय काय, पैशांचे व्यवहार जमतात का? एकट्या माणसाच्या बाबतीत हे सांगणारं कुणी नसतं. माझ्या मते खरा घात इथे होतो. भारतात साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे जवळपास ८८ लाख जणांना स्मृतिभ्रंश असावा, असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीचा अंदाज आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत प्रमाण अधिक. तरी घरोघरी ऐकू येतं, "वय झालं, विसरायचंच." हे वाक्य फार नुकसान करतं. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य यांतही विसरणं वाढतं, आणि त्यावर उपचार आहेत. लघवीच्या संसर्गानं म्हातारं माणूस एकाएकी असंबद्ध बोलू लागतं. तपासल्याशिवाय हे कळणार कसं?

निदान झालं म्हणजे लगेच घर सोडायला हवं, असं नाही. ओळखीचं घर हाच या माणसांचा मोठा आधार असतो. बाईंच्या मुलानं काळजीपोटी इंडक्शन शेगडी पाठवली, पण तिची बटणं त्यांना जमेनात. नवं शिकणंच तर या आजारात अवघड होतं. मग कामाच्या मावशींनी वेळ बदलून घेतली. त्या आल्या की बाई त्यांच्यासमोर गॅसवर चहा करतात आणि निघताना मावशी मेन कॉक बंद करतात. आठवड्याच्या गोळ्यांची डबी मावशींच्या ताब्यात, जेवण डब्याचं. वॉचमनकडे आणि बाईंच्या पर्समध्ये पत्ता आणि भाचीचा फोन नंबर. बाईंच्या घरातल्या पहिल्या साक्षीदार मावशीच होत्या. "बाई पगार दोनदा देतात," हे मावशींना केव्हाच माहीत होतं. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

पैशांचं मात्र लवकर बघा. आपल्याकडे साधं मुखत्यारपत्र देणाऱ्याची निर्णयक्षमता गेली की कायद्यानं निकामी होतं, नेमकं लागतं तेव्हाच. संयुक्त खातं आणि मृत्युपत्र ही कामं आईवडिलांची समज शाबूत असतानाच, त्यांच्या मर्जीनं व्हायला हवीत. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार उपचारांविषयीची इच्छा लिहून ठेवता येते आणि आपल्या वतीनं बोलणारी व्यक्तीही नेमता येते.

एकटं राहणं थांबवण्याची वेळही येते. वजन उतरू लागणं, नेहमीच्या वाटेवर चुकणं, रात्री-अपरात्री दार उघडून बाहेर पडणं, कपड्यांना जळाल्याच्या खुणा. यातलं एक जरी दिसलं, तरी रात्रीची सोबत लगेच हवी. तिथे "अजून थोडे दिवस बघू" चालत नाही.

आईवडील एकटे राहत असतील तर पुढच्या भेटीत फ्रिज उघडा, गोळ्या मोजा. लांब असाल तर आईचा फोन झाल्यावर आणखी एक फोन मावशींना करा आणि त्या सांगतील ते मधे न बोलता ऐका. जवळचं कुणीच नसेल, तर ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ सकाळी आठ ते रात्री आठ चालू असते.